वहिनीनं सांगितलेली जागा

कांदळपाडा, डोंबिवली
जानेवारी १९५८

प्रिय सुधीर,

पत्राच्या माथ्यावर 'प्रिय' लिहायचं असतं, हे मी शाळेत मुलांना शिकवते, म्हणून इथेही लिहिलं. त्यात आणखी काही शोधू नकोस. माझं अक्षर तू ओळखणार नाहीस. तू पाहिलंस ते व्हर्नाक्युलर फायनल कशीबशी पास झालेल्या आगऱ्याच्या पोरीचं अक्षर होतं. त्यानंतर मी ठाण्याला राहून ट्रेनिंग केलं आणि आता आपल्याच पाड्याच्या शाळेत मास्तरीण आहे. ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढले ती म्हातारी माणसंसुद्धा मला 'बाई' म्हणतात.

इकडची ख्यालीखुशाली तुला बाबांच्या पत्रांतून कळतच असेल. डोंबिवली ओळखू येणार नाही इतकी वाढली. स्टेशनाकडून आपल्या पाड्यापर्यंत जी भाताची खाचरं होती, तिथे आता चाळी आणि बंगल्या उभ्या आहेत. मिठागराचं काम करणारे आमच्यातले पुष्कळजण अंबरनाथच्या कारखान्यात लागले. तुझ्या बाबांच्या सोसायटीत गुलमोहर चांगले मोठे झालेत. त्यांची तब्येत बरी आहे. तुझ्या आईचे गुडघे दुखतात. हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या पंधरवड्यात मी तुमच्या घरी जाऊन आले. त्याचं पुढे सांगते.

आधी मोठी बातमी. विहीर खणायला आलेल्या त्या परदेशी मुलांबरोबरची हेलन येऊन गेली. तुला तिनं कळवलं नसेल. नाताळच्या सुमारास मुंबईला उतरली आणि दुसऱ्याच दिवशी एकटी आमच्या दारात उभी राहिली. केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण चाल तीच, लांब लांब टांगा टाकणारी. तिच्याकडून कळलं की तू आता त्या मुलांच्याच कॉलेजात नोकरीला आहेस, विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याचं काम तुझ्याकडे आहे, आणि गावोगावच्या सभांत तू कांदळपाड्याची गोष्ट सांगतोस. परक्या देशातली मुलं एका सत्रासाठी आली, गावच्या बायांनी त्यांना जागा दाखवली, सगळ्यांनी मिळून विहीर खणली, गाव पाण्याला लागलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणे.

ती गोष्ट मी तुला सांगते. तू तिथे होतास, पण इतकी वर्षं दुसरीच सांगून सांगून तुला खरी आठवत नसेल.

एक्कावन्न साली दिवाळी उरकल्यावर ती मुलं आली. कापलेल्या खाचरात त्यांनी तंबू ठोकले. तू मुंबईला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतास आणि त्यांचा दुभाष्या म्हणून आला होतास. इंग्रजी बोलणारं पाड्यात दुसरं कोणी नव्हतं. सकाळी ती सगळी खणायला जात, दुपारनंतर गावात हिंडत. डेव्हिड नावाच्या त्या तांबड्या केसांच्या उंच पोराला गावानं देवीदास करून टाकलं. तो धाकूकाकांबरोबर खाडीत होडी घेऊन जाई आणि चिखलात कमरेपर्यंत रुतून निवट्या मासळ्या धरी. एक हाती लागली की ती डोक्यावर धरून नाचत येई. माघी पौर्णिमेला सगळी मलंगगडाच्या जत्रेला गेली, तेव्हा हेलन लुगडं नेसून गड चढली आणि अर्ध्या वाटेवर कासोटा सुटला म्हणून बायांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. लग्नात धवलारणी गात बसल्या की ही त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची, शब्द न कळता हेल काढायची. मी तिच्याबरोबर लहान मुलांचा वर्ग घेत असे. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, आणि मध्ये तू होतास.

त्या सगळ्यांना जेवायला घालायची तुळसावहिनी. माझ्या दादाची, गोपीनाथची बायको. चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि देवीदासानं आठवी मागितली की हसून तवा पुन्हा ठेवायची. तूही त्याच पंगतीत बसायचास. तुमच्या घरी चालत नसलेला जवळा वहिनीच्या हातचा मागून मागून खायचास. हेलन दिवसभर तिच्या मागे मागे असे. "मना भूक लागली" हे तिचं पहिलं वाक्य वहिनीनंच शिकवलं होतं.

मुलं आली त्याच आठवड्यात तंबूपुढे सभा भरली. विहीर कुठे हवी, हे गावातल्या बायांना विचारायचं, पाणी त्याच भरतात, असा हेलनचा आग्रह होता. बाया पदर तोंडात धरून बसल्या. तेव्हा वहिनी उठली. इतक्या पुरुषांपुढे ती पहिल्यांदाच बोलत होती. "येशीवरचे चिंचंखाली खना. तिथं गोडा पानी हाय. माजी सासू सांगून गेली." एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मग तू हेलनकडे वळलास आणि इंग्रजीत बोललास. वहिनीच्या बोलण्यापेक्षा तुझं बोलणं लांब होतं, एवढंच मला कळलं. तू थांबला नाहीस, चाचरला नाहीस. सगळ्या परक्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि वहिनी लाजली.

दुसऱ्या दिवशी तू आम्हांला सांगितलंस, साहेब लोकांनी माती तपासली, चिंचेखाली खारं पाणी लागेल, पलीकडच्या माळावर गोडं आहे. आम्ही मानलं. तपासलेल्या मातीपुढे माझी मेलेली आई काय सांगणार? सगळा पाडा माळावर राबला. मी स्वतः घमेली वाहिली आणि तू खालून मला हाक मारून हसवायचास. पाणी लागलं तेव्हा वहिनीनं हळदकुंकू वाहून पहिली ओटी भरली. मुलं शिमगा खेळून, रंगलेल्या तोंडानं रडत आपल्या देशी गेली. पावसाळा लागता लागता त्यांच्या कॉलेजानं बोलावलं म्हणून तूही गेलास. बी. ए. झालो की आईला आपलं सांगतो, असं मला म्हणाला होतास. मला न भेटता गेलास. त्या गोष्टीचा मला राग नाही, असं लिहिणार होते. पण खोटं बोलणं मी तुझ्यावर सोडलंय. राग आहे. तो वेगळा ठेवते.

तू गेलास त्या दिवाळीला माळाला कुंपण पडलं. तो माळ तुझ्या बाबांनी आणि त्यांच्या मित्रांनी सोसायटीसाठी आधीच घेऊन ठेवला होता, आणि पाण्यावाचून तिथले प्लॉट कोणी घेत नव्हतं, हे आम्हांला तेव्हा समजलं. विहिरीला फाटक बसलं, पहारेकरी बसला. पाड्यातल्या बायांनी हंडे घेऊन आत यायचं नाही, पाणी गढूळ होतं म्हणे. आमचे लोक बाबांकडे गेले तर ते म्हणाले, जागा सोसायटीची आहे आणि साहेबांनी ती आपणहून निवडली. मला तेव्हाच तुझं ते लांबलेलं बोलणं आठवलं. पण त्यातला एक शब्दही मला कळला नव्हता, मग कोणापुढे काय सांगणार? तुझ्या तोंडाकडे पाहत मी ऐकत होते आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मला जाळत राहिलं. ठाण्याला ट्रेनिंगला असताना कोळीवाड्याजवळच्या सबीना टीचर भेटल्या. त्यांची भांडी घासून, त्यांच्या आईचे पाय चेपून मी त्यांच्याकडे इंग्रजी शिकले. लोक नोकरीसाठी शिकतात. मी तुझ्यासाठी शिकले. एक दिवस तुझ्यासमोर उभी राहून तुझ्याच भाषेत विचारीन, असं मनाशी धरलं होतं.

आता वहिनीचं. वहिनी गेली, सुधीर. बाबांनी तुला कळवलं नसणार.

चौपन्नच्या उन्हाळ्यात आमची जुनी बाव आटली. बाया रुळांपलीकडच्या वाडीतून पाणी आणत होत्या. वहिनीला सातवा महिना होता. मी सुट्टीला घरी आले होते, मी म्हटलं मी जाते, तर म्हणाली, "तू शाळंची बाय, तुना डोक्यावं दोन हंडे नाय जमाचं." येताना डोक्यावर दोन आणि कमरेवर एक कळशी होती. मालगाडी जाऊ दिली आणि तिच्यामागून रूळ ओलांडायला निघाली. पलीकडच्या रुळावरून मेल येत होती, ती मालगाडीच्या आवाजात ऐकू आली नाही. डोक्यावर हंडे असलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मला बोलवायला आले तेव्हा दादा तिथे होता. त्यानं आपलं धोतर सोडून तिच्यावर घातलं होतं. माझी भाची आवडी तेव्हा दुडुदुडु चालायला लागली होती. ती आता मला आई म्हणते.

तेरावं झाल्यावर दादा कुदळ घेऊन वेशीवरच्या चिंचेखाली गेला आणि खणायला लागला. पहिले काही दिवस लोक लांबून बघत होते, मग एकेक जण जाऊन त्याच्या शेजारी खणू लागला. पुरुषभर खोल गेले आणि पाणी लागलं. गोडं. दादा त्या खड्ड्यात बसून ओंजळीनं ते प्याला आणि मग तिथेच ओरडून रडला. आज सगळा पाडा त्याच बावीचं पाणी पितो. आम्हांला तुझ्या बाबांच्या विहिरीची गरज राहिली नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर मी काही मागायला पत्र लिहिलं असं तुला वाटेल.

तर हेलन. ती दारात आली आणि मला ओळखण्याआधी म्हणाली, "मना तुलसाकं जायचा हाय." सहा वर्षं तिनं ते शब्द जपले होते. वहिनीसाठी शिवणाची कात्री आणली होती; तिची जुनी कात्री वहिनीला फार आवडायची. मी इंग्रजीतून तिला सांगितलं, तुळसा नाही. कशी गेली तेही सांगितलं. ती खाली ओट्यावर बसली. मग तिनं विचारलं, पण विहीर तर इथेच आहे, मग रूळ का ओलांडले?

मी तिला माळावर घेऊन गेले. पहारेकऱ्यानं गोरी मडम पाहून सलाम ठोकला आणि फाटक सताड उघडलं. ती आत गेली, मी बाहेर उभी राहिले. तिनं मागे वळून विचारलं, तू का येत नाहीस? मी म्हटलं, आम्हांला परवानगी नाही. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती बाहेर आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "पण ही जागा तुम्ही बायांनीच मागितली होती. तुळसाच उठून बोलली होती. गावाचा सगळ्यांत जुना माळ आहे, तिथेच आमची देवी होती, तिथेच पाणी हवं, असं ती म्हणाली. मी त्या रात्री घरी पत्रात लिहिलं होतं."

असं होय. माळावर देवी होती म्हणे. वहिनीच्या तोंडी तू देवी घातलीस. मी मनात पुष्कळ काही कल्पिलं होतं, पण इतकं छान मला सुचलं नसतं. मी हेलनला वहिनीचं वाक्य सांगितलं, आधी तिच्या बोलीत आणि मग इंग्रजीत, आणि चिंचेखाली नेऊन बाव दाखवली. दादा तिथे आवडीला आंघोळ घालत होता. हेलननं त्याच्या पायांना हात लावला. तो गोंधळला, ओल्या हातानं तिला उठवलं आणि मला म्हणाला, "जाऊं दे गो, सगुणा. तिला कशाला रडवतंस?" दादा चांगला आहे. मी त्याच्याएवढी चांगली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला तुमच्या घरी नेलं. बाबांना केवढा आनंद झाला. आईंनी सांज्याच्या वड्या केल्या. बाबांना इंग्रजी वाचता येतं पण मडमेशी बोलायचा धीर होत नाही, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. किती वर्षं मी त्या कामाची तयारी केली होती! हेलननं विचारलं, विहिरीची जागा कोणी ठरवली? मी ते मराठीत सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. बाबा आधी हसले, मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "त्याला मीच सांगितलं होतं तसं बोलायला. तो नको म्हणत होता, मग म्हणाला, मला काय मिळेल? मी म्हटलं, ही माणसं खूश झाली तर तुझं परदेशी जाणं होईल. पोराच्या भल्यासाठी बापानं केलं. आता हे तिला सांगू नकोस, तू आमच्या घरच्यासारखी." मी ते सगळं इंग्रजीत सांगितलं. 'मला काय मिळेल' हेही सांगितलं. 'हे तिला सांगू नकोस' हेही सांगितलं. दुभाष्यानं काही गाळू नये. बाबांना माझं बोलणं पुरतं कळत होतं. त्यांनी हातातला कप तसाच खाली ठेवला. हेलन उठली आणि वड्यांना हात न लावता बाहेर पडली.

तुझी आई माझ्यामागे अंगणापर्यंत आली. "सुधीरला त्रास होईल का गं?" असं तिनं विचारलं. तिचा चेहरा बघून मला खोटं बोलावंसं वाटलं. पण मी म्हटलं, "हो काकू, होईल." ती मान हलवून आत गेली. तेवढ्या एका क्षणाचं मला वाईट वाटलं, ते तुला कळावं म्हणून लिहिते. बाकी कशाचं वाटलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

आता हे पत्र का, ते. हेलन तुमच्या कॉलेजच्या मंडळावर आहे. पुढच्या हिवाळ्यात नव्या मुलांची तुकडी घेऊन तू इकडे येणार होतास, दुसऱ्या कुठल्या तरी गावी, दुसऱ्या बायांचं बोलणं सांगायला. ते आता होणार नाही, असं ती म्हणाली. ती तुला काहीच कळवणार नाहीये. परत पोचली की सगळ्यांना जमवून, तुला समोर बसवून एकदम विचारणार आहे; उत्तर रचायला वेळ मिळू नये म्हणून. तिचं म्हणणं मला पटलं नाही. ती तुला ओळखत नाही. वहिनी बोलून खाली बसली आणि तू तोंड उघडलंस, त्यात पापणी लवण्याएवढाही वेळ गेला नव्हता. अचानक विचारलं तर तू तेव्हाच उत्तर देशील, आणि ते सुरेख असेल. तुला वेळ दिला पाहिजे. पुष्कळ वेळ. कॉलेजात जा, मुलांना शिकव, सभा ठरली असेल तर तिथे कांदळपाड्याची गोष्टही सांग. काय बोलायचं ते रोज नव्यानं रच आणि बाबा आधीच सगळं बोलून बसलेत हे रोज आठव. पळून इकडे आलास तर तुझं घर चिंचेवरून पुढे आहे, आणि मी शाळेच्या दारात असते. हेलनची बोट गेल्या शुक्रवारी बॅलार्ड पिअरहून सुटली. तिला पोचायला महिना तरी लागेल. हे पत्र मी विमानाच्या टपालानं धाडतेय.

तुला पुरती ओळखून असलेली,
सगुणा